वैद्यकीय निष्काळजीपणाच्या केससाठी ठाण्यात वकील शोधला, त्याचा अनुभव

ज्या वकीलबाईंबद्दल मी चांगलं लिहिणार आहे त्यांचं नाव इथे देणार नाही, हे आधीच सांगते. आईची केस अजून जिल्हा ग्राहक आयोगापुढे चालू आहे. हॉस्पिटलचं नाव त्याच कारणाने नाही. पण असा वकील शोधायला निघाल्यावर काय विचारायचं, काय बघायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यात माझं सव्वा वर्ष आणि पंचवीस हजार रुपये गेले. दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे.

मी कळव्याला राहते, एका पतपेढीत कर्ज खात्यात बावीस वर्षं काम करते. कागद बघायची सवय आहे. तरीही आईच्या बाबतीत पहिलं वर्षभर मी कागद न बघता माणसांच्या तोंडाकडे बघत राहिले.

झालं ते थोडक्यात सांगते. आईच्या पित्ताशयात खडे होते. 8 ऑगस्ट 2022 ला ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात दुर्बिणीने पित्ताशय काढलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या पोटात दुखत होतं. 11 तारखेला डिस्चार्ज दिला. त्या दिवशी राखी होती, भाऊ तिला रिक्षातून घेऊन आला आणि ती ओवाळून घ्यायला पाटासमोर बसूसुद्धा शकली नाही. फोन केला तर "गॅस असेल, गोळी द्या." पाचव्या दिवशी डोळे पिवळे, अंगात ताप. 17 तारखेला परळला केईएममध्ये नेलं. पित्ताची नळी दुखावली होती आणि पित्त पोटात साठत होतं. साठलेलं पित्त बाहेर पडावं म्हणून पोटात पाइप घालून त्याला बाहेर पिशवी जोडली. ती पिशवी कंबरेला बांधून आईने गणपती पाहिले, गौरी पाहिल्या, दसरा पाहिला. नोव्हेंबरात मोठं ऑपरेशन करून आतडं यकृताजवळच्या नळीला जोडलं तेव्हा सुटका झाली. आज ती बरी आहे, पण ताप आला की आम्ही सगळे आधी तिच्या डोळ्यांकडे बघतो.

जानेवारी 2023 मध्ये मी वकील शोधायला लागले. नेटवर "मेडिकल निग्लिजन्स लॉयर ठाणे" टाकलं. एका साइटवर नंबर दिला आणि पुढचे चार दिवस फोन थांबेनात. कोण दिल्लीहून बोलतंय, कोण "आमच्या पॅनलवर नामांकित वकील आहेत" म्हणतंय. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला जाहिरात करून काम मिळवता येत नाही, हे मला नंतर कळलं. म्हणजे जो सगळ्यात आधी आपल्याला शोधत येतो त्याच्याविषयी तिथेच थबकायला हवं होतं.

पहिले वकील घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये भेटले. काचेचं ऑफिस, बाहेर बसलेल्या मुलीने पाणी आणि कॉफी विचारली. मी गोष्ट सांगितली, त्यांनी दहा मिनिटं ऐकली आणि म्हणाले, "एक कोटी मागू. फी आत्ता काही नको, मिळेल त्यातले वीस टक्के." मला फार बरं वाटलं, खरंच सांगते. खिशातून काही जायचं नव्हतं. आईचे पेपर मात्र त्यांनी हातातसुद्धा घेतले नाहीत. घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा खटकलं. न वाचता कोटी कुठून आले? माझ्याकडे कोणी कर्जाला आलं आणि मी पगाराची स्लिप न बघता रक्कम सांगितली, तर मला कोणी खुर्चीवर ठेवेल का? पुढे समजलं की निकालाच्या रकमेवर टक्केवारी ठरवून फी घेणं वकिलांना आपल्याकडे मनाच आहे. बाहेरच्या देशांत ती पद्धत आहे, ते बघून आपल्याकडेही तसंच असेल असं वाटतं. तसं नाही.

दुसऱ्यांवर मला जास्त राग आहे. कोर्टनाक्याजवळ त्यांचं ऑफिस, भाऊजींच्या ओळखीचे. जागेच्या भांडणांची कामं त्यांच्याकडे भरपूर. त्यांनी सांगितलं, "आधी पोलिसांत तक्रार टाकू. डॉक्टर घाबरला की आपोआप टेबलावर येतो." माझ्या भावाला हे पटलं, त्याचा संताप अजून ओला होता. पंचवीस हजार दिले, पावती मिळाली नाही. पोलिसांनी अर्ज घेतला आणि वैद्यकीय समितीचा अभिप्राय लागेल म्हणून सांगितलं. यात पोलिसांचं काही चुकलं नाही. सुप्रीम कोर्टाने 2005 साली जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगून ठेवलंय की डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्याआधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं, आणि फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो. हे त्या वकिलांना माहीत असणारच. त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. मी दर महिन्याला ऑफिस सुटल्यावर कळव्याचा पूल ओलांडून कोर्टनाक्याला जायचे, आणि उत्तर एकच असायचं, "चालू आहे." बारा महिने चालू होतं. मार्च 2024 मध्ये मी फाइल परत मागितली, तर मी दिलेल्या झेरॉक्स होत्या तशाच, माझ्याच पिनांनी टाचलेल्या.

तोवर ग्राहक आयोगात तक्रार करायची दोन वर्षांची मुदत ऑगस्टमध्ये संपणार होती. उशीर माफ करून घेता येतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं, आणि "वकिलाने बसवून ठेवलं" हे कारण टिकेलच असं नाही. मला रात्री झोप लागेना.

मुंबई ग्राहक पंचायतीचं काम करणाऱ्या एका निवृत्त शिक्षिका आमच्या पतपेढीच्या सभासद आहेत. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या दोन्ही उपयोगी पडल्या. एक, ग्राहक आयोगात वकील असलाच पाहिजे असं नाही, स्वतःही उभं राहता येतं. आणि दुसरी, डॉक्टरच्या केसमध्ये मात्र असा वकील घ्या ज्याने अशा केसेस डॉक्टरच्या बाजूनेही चालवल्या आहेत. "समोरचा काय बोलणार हे त्याला आधी कळतं," असं त्या म्हणाल्या. त्यांनीच नौपाड्यातल्या या वकीलबाईंचा नंबर दिला.

फोनवर बाईंनी विचारलं, "इनडोअर केस पेपर आहेत का?" मी म्हटलं, डिस्चार्ज कार्ड आहे, बिलं आहेत. त्या म्हणाल्या, "मग अजून तुमच्याकडे काहीच नाही. आधी हॉस्पिटलला लेखी अर्ज करा, पोच घ्या, मग या." फी सांगितली नाही, गोष्टही ऐकली नाही. मी दुखावले होते. आज वाटतं, तो माझ्या केसमधला पहिला खरा सल्ला होता.

अर्जाचा मजकूर त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवला. ॲडमिशन पेपर, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, ऑपरेशन नोट, भुलीच्या नोंदी, संमतीपत्र, सगळ्या तपासण्यांचे रिपोर्ट, असं एकेक नाव लिहून मागायचं. नुसतं "फाइल द्या" म्हटलं की चार कागद हातात ठेवतात. 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरांनी भरती पेशंटचे कागद 3 वर्षं सांभाळायचे असतात आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायचे असतात. आम्हाला 19 दिवस लागले. दुसऱ्या अर्जावर हा नियम लिहिला आणि रजिस्टर एडीने पाठवला तेव्हा फोन आला, पैसे भरून घेऊन जा. ही फाइल पहिल्या वर्षीच मागायला हवी होती. आणखी सव्वा वर्ष गेलं असतं तर ती 3 वर्षंही उलटली असती.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाईंच्या ऑफिसात गेले. गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक खोली. लिफ्ट नाही, आईला घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. पंखा आवाज करतो. पहिल्या भेटीचे पंधराशे घेतात आणि छापील पावती देतात. पावती हातात आली तेव्हाच माझं निम्मं ओझं उतरलं.

त्या भेटीत बाईंनी पाऊण तास फक्त वाचलं. मी समोर बसून होते. मग म्हणाल्या, "ताई, नळी कापली गेली यावर मी केस उभी करणार नाही." मी उठायलाच निघाले होते. त्या म्हणाल्या, "बसा. दुर्बिणीच्या या ऑपरेशनमध्ये नळीला इजा होणं हा माहीत असलेला धोका आहे, चांगल्या सर्जनच्या हातूनही होतो. त्यांचा वकील पहिल्या पानावर हेच लिहील, आणि संमतीपत्रात ते छापलेलं आहे. आपली केस त्याच्या पुढची आहे. इजा झाल्यावर तिच्याकडे कोणी बघितलं का, ही."

आणि त्यांनी नर्सिंग चार्टचं पान माझ्याकडे फिरवलं. 10 ऑगस्टची रात्र. 11.40 ला पोटदुखीची तक्रार, आरएमओंना, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, कळवलं. 2.15 ला पुन्हा तेच, पल्स वाढलेली. 5 वाजता पुन्हा. तिन्ही नोंदी एकाच अक्षरातल्या. डॉक्टरांच्या नोंदीत त्या रात्रीचं एक अक्षर नाही, आणि थेट सकाळी, पेशंट ठीक, डिस्चार्ज. सोनोग्राफी नाही, रक्ताची तपासणी नाही.

एवढ्या महिन्यांत मी हजार वेळा रागावून सांगितलेली गोष्ट एका पानावर, तीन ओळींत होती, आणि ती शोधायला पाऊण तास शांत बसून वाचणारं माणूस लागलं. म्हणून मी पाचपैकी साडेचार देते. अर्धा का कापला ते पुढे सांगते.

पैशांचं लिहिते, कारण सगळे तेच विचारतात. बाईंनी एकूण पंचेचाळीस हजार सांगितले, तीन हप्त्यांत. तक्रार दाखल करताना, पुराव्याचं शपथपत्र देताना आणि युक्तिवादाच्या वेळी. तारखेगणिक वेगळे पैसे नाहीत. अपिलाची फी वेगळी, हेही आधीच लिहून दिलं. शिवाय एका निवृत्त सर्जनचं लेखी मत घेतलं, त्याचे पंधरा हजार. हे मत प्रत्येक केसला लागतंच असं नाही. उजव्याऐवजी डाव्या पायाचं ऑपरेशन केलं, पोटात कापूस राहिला, असं असेल तर गोष्ट स्वतःच बोलते. सुप्रीम कोर्टाने 2010 साली व्ही. किशन राव यांच्या प्रकरणात हेच सांगितलंय. आमच्यासारख्या गुंतागुंतीच्या बाबतीत मात्र तज्ज्ञ हवाच. सर्जनसाहेबांनी नळीच्या इजेबद्दल डॉक्टरांना दोष दिला नाही, तसं स्पष्ट लिहिलं, आणि त्या रात्रीबद्दल दिला. बाई म्हणाल्या, हे मत म्हणूनच टिकेल.

आयोगाची फी आम्हाला शून्य पडली. पुष्कळांना वाटतं जितकी भरपाई मागू तितकी जास्त फी. 2019 च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण सेवेसाठी किती पैसे मोजले ते बघतात. आमचं बिल 1 लाख 85 हजार, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. 50 लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगात जातात तेही याच हिशेबाने. मेडिक्लेमने भरलेले पैसेही धरले जातात. शिवाय आपण जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. घणसोलीतल्या माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांचं ऑपरेशन पुण्यात झालं होतं, तिला पुण्याला खेपा घालाव्या लागणार नाहीत हे ऐकून ती रडलीच. पण सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात, जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात, तिथला पेशंट या कायद्याने ग्राहक ठरत नाही. त्याला दिवाणी कोर्टात जावं लागतं. वकिलाची फी झेपत नसेल तर बायकांसाठी एक गोष्ट सांगते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. मला हे फी भरल्यावर कळलं.

वकालतनाम्यावर सही करायच्या त्याच आठवड्यात, 14 मे 2024 ला, सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. डॉक्टर 1995 पासून येतात, वकील येत नाहीत. म्हणजे मी ज्या दारात आईची तक्रार घेऊन जाणार होते, त्याच दारात त्या कोर्टनाक्याच्या वकिलांची तक्रार नेता येणार नव्हती. बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार करता येते, नाहीतर दिवाणी कोर्टात जावं लागतं. मी बाईंना सरळ विचारलं, "तुम्ही माझी फाइल बसवून ठेवलीत तर मी काय करू?" त्या रागावल्या नाहीत. वहीत तारखा लिहून दिल्या, कोणत्या आठवड्यात काय होणार त्या. म्हणाल्या, "यातली एक चुकली तर फाइल घेऊन जा, मी अडवणार नाही." 20 जूनला ऑनलाइन तक्रार दाखल झाली, वहीतल्या तारखेच्या दोन दिवस आधी.

आता अर्धा गुण का कापला ते. संध्याकाळी सातनंतर त्या फोन उचलत नाहीत, आणि नोकरी करणाऱ्या माणसाला सातनंतरच वेळ असतो. तक्रारीच्या मसुद्यात डिस्चार्जची तारीख चुकली होती, ती मी पकडली. प्रत्येकाने मसुदा ओळ न् ओळ वाचावा, वकील कितीही चांगला असला तरी. एका तारखेला त्यांनी ज्युनियरला पाठवलं, त्याला फाइल माहीत नव्हती, पुढची तारीख घेऊन आला आणि तीन महिने गेले. मी दुसऱ्या दिवशी जाऊन बोलले. बाईंनी चूक कबूल केली, तेव्हापासून स्वतः येतात. आणि सगळे कागद इंग्रजीत. माझी आई सातवी शिकलेली, तिच्या नावाने चाललेल्या केसमध्ये काय लिहिलंय हे तिला मराठीत सांगायचं काम मला करावं लागलं. संमतीपत्रही असंच इंग्रजी होतं, तिने खाली मराठीत सही केली होती. हा मुद्दा बाईंनी तक्रारीत घेतला, पण त्यावर भर दिला नाही.

समोरच्यांचं उत्तर एकेचाळिसाव्या दिवशी आलं. त्यांना 30 दिवस मिळतात, वर फार तर 15. पहिल्याच पानावर होतं, ही इजा माहीत असलेला धोका आहे आणि पेशंटने संमती दिलेली आहे. बाई म्हणाल्या होत्या तंतोतंत तसं. त्या रात्रीबद्दल आठ पानांत दोन ओळी, पेशंटवर सतत लक्ष होतं, अशा.

कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकाल द्यावा असं लिहिलंय. तसं होत नाही, मनाची तयारी ठेवा. दोन्हीकडची शपथपत्रं झाली आहेत, लेखी युक्तिवाद व्हायचा आहे. मधे एकदा समोरून तीन लाखांवर मिटवायचं का अशी विचारणा आली. बाईंनी "घ्या" असंही म्हटलं नाही आणि "घेऊ नका" असंही. निकाल किती वर्षांनी लागू शकतो, अपील झालं तर किती, हरलो तर काय, हे सगळं कागदावर मांडलं आणि म्हणाल्या, "आईंना विचारा."

मी घरी येऊन आईला विचारलं. नर्सिंग चार्टचं ते पान तोवर मी तिला दाखवलं नव्हतं, उगीच रात्र आठवेल म्हणून. त्या दिवशी दाखवलं, तिन्ही नोंदी मराठीत वाचून सांगितल्या. तिने चष्मा लावून त्या इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवलं. म्हणाली, "म्हणजे ती पोरगी लिहीत होती तर. मला वाटलं, कोणी ऐकतच नाहीये." मग बराच वेळ काही बोलली नाही. पैशांचं मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "त्या रात्री डॉक्टर का आला नाही, एवढं त्यांनी सांगावं. मग तू ठरव."

हे मी बाईंना फोनवर सांगितलं. सात वाजून गेले होते, तरी त्यांनी उचलला. तेच वाक्य त्यांनी समोरच्यांना द्यायच्या लेखी प्रश्नावलीत घातलं आहे, आईच्या शब्दांत, पहिला प्रश्न म्हणून. उत्तर यायचं आहे.